कुत्रं मधात आलं

गाडी खांबाला लागल्याचं अश्विन सोमकुवरला कळलं ते लागून झाल्यावर. आवाज त्याने ऐकला नाही. आवाज होऊन गेल्यावर जी शांतता उरते, तिच्यात तो एकदम येऊन पडला. समोर बॉनेटचं टोक वर उचललं गेलेलं, त्याखालून वाफ निघते आहे, आणि काचेच्या पलीकडे, नको तितका जवळ, दिव्याचा लोखंडी खांब. खांबावर कुठल्यातरी शिकवणी वर्गाची अर्धी फाटलेली जाहिरात होती. जाहिरातीतल्या पोराचं हसणं त्याने नीट पाहिलं, त्याचे दात पाहिले. मग आपला पाय कुठे आहे ते त्याने खाली वाकून पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हता. तो ॲक्सिलरेटरवर नुसता ठेवलेला होता, दारात चप्पल काढून ठेवावी तसा. धरमपेठेतली दुपार, दुकानांची शटरं अर्धवट ओढलेली, तरी माणसं कुठूनकुठून जमलीच. कुणीतरी बाहेरून दार उघडलं. "काय झालं काका? काय झालं?" आणि आधीपासून तयार ठेवलेलं असावं तसं एक वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर आलं : "कुत्रं आलं मधात."

लोकांचं त्याने समाधान झालं. त्यांना तेवढंच हवं होतं. "या कुत्र्यायनं तं वैताग आणला बाप्पा," एक जण म्हणाला. दुसऱ्याच्या साळ्याचा पाय असाच मोडला होता. तिसरा महानगरपालिकेला शिव्या देऊ लागला. एवढ्या सगळ्यांनी मिळून उचलून धरल्यावर ते कुत्रं रस्त्यावर उभं राहिलं, आणि अश्विन खाली उतरून खांबाला टेकून उभा राहिला तेव्हा तोही रस्त्याच्या पलीकडे पाहत होता, ते कुठे गेलं म्हणून. गाडीखालून हिरवट पाणी वाहत होतं. त्याची बायको प्रेमिला अजून आतच होती. तिच्या बाजूचं दार चेपून बसलं होतं, म्हणून तिला ड्रायव्हरच्या सीटवरून सरकत बाहेर यावं लागलं. मांडीवरचा साडीचा खोका आता तिच्या काखेत होता. डाव्या हाताचं मनगट तिने उजव्या हातात धरलं होतं. ती त्याच्याकडे पाहत होती, गर्दी कुत्र्यांबद्दल बोलत होती, आणि ती काहीच बोलली नाही. तिला लागलं आहे, ती घाबरली आहे, असं त्याने समजून घेतलं.

तो प्रसंग त्याने पुढे किती वेळा जुळवून पाहिला. पुतणीने, प्रीतीने, धरमपेठेत नवा फ्लॅट घेतला होता, तिच्याकडे बुद्धवंदनेला आणि जेवायला बोलावणं होतं. चौकातला सिग्नल सुटला होता. डावीकडे मिठाईचं दुकान, त्याच्या पायरीवर एक माणूस मोबाईलवर बोलत उभा. प्रेमिला म्हणत होती, प्रीतीसाठी ही साडी आणली खरी, पण ती आजकाल साड्या नेसते कुठे. "नेस—" इथपर्यंत त्याला ऐकू आलेलं आठवत होतं. आणि मग खांबावरच्या पोराचे दात. मधे काहीच नव्हतं. अंधार असता तर तो म्हणाला असता, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. अंधारसुद्धा नव्हता. कापडाची मधली पट्टी कापून काढावी आणि दोन टोकं शिवून टाकावीत तसं ते होतं. शिवण इतकी साफ, की बोट फिरवून पाहिलं तरी लागू नये. आणि त्या शिवणीवर आता एक कुत्रं बसलं होतं.

विमा कंपनीच्या फोनवरची मुलगी हिंदीत बोलली. गाडी कौन चला रहा था, किसी को चोट आई क्या, दुर्घटना कैसे हुई. "कुत्ता सामने आ गया," अश्विन म्हणाला. तिकडे टाईप केल्याचा आवाज आला. मग दुपारीच टोचन लावून गाडी वाडीच्या पुढे मोटार कंपनीच्या वर्कशॉपला गेली आणि ते दोघं ऑटोने जरीपटक्याला घरी आले. पुण्याहून मुलाचा, प्रशिकचा फोन आला. "बाबा, तुम्हाला काही झालं नाही ना? बस. बाकी इन्शुरन्सवाले पाहतील. कुत्रं मेलं का?" "नाही," अश्विन म्हणाला, "पळून गेलं." म्हणजे आता ते पळूनही गेलं होतं. संध्याकाळी शेजारचे गिरिधरराव बसायला आले. त्यांना तपशिलाची आवड. "काळं होतं का? काळं कुत्रं रस्त्यावर दिसतच नाही, डांबर अन् ते एकच." "भुरं होतं," अश्विन म्हणाला. आतल्या खोलीत प्रेमिला मनगटाला पट्टी गुंडाळत होती. पट्टीची पिन तिला एका हाताने लावता येत नव्हती. तो उठून आत गेला आणि त्याने पिन लावून दिली. तेव्हाही ती त्याच्याकडे पाहत होती, हाताकडे नाही.

कुत्र्याला रंग दिला त्याचं त्याला इतकं वाटायला नको होतं. माणूस बोलताना दोन गोष्टी पदरच्या घालतोच. पण अश्विनचं आयुष्य पाहण्यात गेलं होतं. तो रेल्वेत इंजिन चालवत असे. बापाने, गिरणीतल्या धोंडबाने, धम्मदीक्षेच्या महिन्यावरून त्याचं नाव ठेवलं होतं आणि पोराने सरकारी नोकरीत नाव काढावं एवढीच इच्छा धरली होती. आणि पोराने डोळ्यांच्या जोरावर ती नोकरी मिळवली. इटारसीकडचा घाट, बल्लारशाचं तापलेलं रान, वर्ध्याच्या पुढचं काळ्या मातीचं सपाट अंतर, सगळं त्याने समोरच्या काचेतून पाहिलं होतं. सिग्नल दिसला की मोठ्याने म्हणायचा, बाजूच्या सहायकाने तो पुन्हा म्हणायचा, मग पुढे जायचं. इंजिनात एक यंत्र असतं. दर मिनिटाला ड्रायव्हरला काहीतरी हलवावं लागतं, हॉर्न, ब्रेक, नाहीतर नुसतं बटण. नाही हलवलं तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही माणूस जागा झाला नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. त्याच्या हाताखाली कधी भोंग्यापर्यंत वेळ आली नव्हती. नवीन पोरांना तो सांगत असे, दिवा लुकलुकायच्या आत हात गेला पाहिजे, दिव्यानं आपल्याले शिकवायचं नाही. रुळावर आलेली जनावरं त्याने पुष्कळ पाहिली होती. इंजिनाला बाजूला वळता येत नाही. हॉर्न द्यायचा आणि पाहायचं, डोळे मिटायचे नाहीत. त्यातली कितीतरी त्याला आजही रंगानिशी आठवत होती. एक तांबडी गाय, शिंगाला निळा रंग दिलेली. एक घोडा. आणि कालपरवाचं, हाताच्या अंतरावरचं, आपणच सगळ्यांना सांगितलेलं हे कुत्रं मात्र डोळ्यांपुढे आणायचं म्हटलं की आपल्याच आळीतलं कुठलंतरी कुत्रं येऊन उभं राही.

पण बोलायचं तरी काय, आणि कुणाशी? आपण झोपलो नव्हतो हे त्याला पक्कं माहीत होतं. झोप कशी येते हे इंजिनावर ज्याने अर्धं आयुष्य काढलं त्याला कुणी सांगावं लागत नाही. झोप पायऱ्या चढून येते, तिची चाहूल लागते. हे तसं नव्हतं. म्हणजे कुत्रं असलंच पाहिजे. धक्का बसला की आधीचं पुसलं जातं, असं प्रशिक म्हणाला होता. कुत्रं आलं, आपण वळलो, आपटलो, आणि धक्क्याने तेवढं पुसलं गेलं. हे बसत होतं. दिवसा बसत होतं. दुपारी जेवण झाल्यावर पेपर घेऊन बसला, की ते सैल होऊ लागे. एकदा त्याने चहाचा कप उचलला तर चहा थंड, वर साय धरलेली. आत्ताच तर प्रेमिलाने ठेवला होता. "हे काय, थंडच आणला काय वं?" तो म्हणाला. ती स्वयंपाकघरातून आली, कप घेऊन गेली आणि चहा गरम करून आणला. तो पिऊन होईपर्यंत ती समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. पूर्वी ती अशी कधी बसत नसे. महानगरपालिकेच्या शाळेत तिने गणित शिकवलं होतं. बसून कुणाकडे पाहत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, हाताला काही ना काही काम लागायचंच. आता हात दुखतो म्हणून बसते, त्याने समजून घेतलं. त्या दिवसांत तो फार काही समजून घेत होता.

एका सकाळी केस कापायला जातो म्हणून निघाला आणि ऑटोने धरमपेठेत जाऊन उतरला. खांब उभा होता. बुंध्याशी रंग खरवडला गेला होता आणि तिथे त्यांच्या गाडीची करडी चंदेरी रेघ उमटली होती. जाहिरातीतलं पोरगं कुणीतरी फाडून नेलं होतं. सिग्नलपासून खांबापर्यंत तो फुटपाथवरून हळूहळू चालत आला. मिठाईचं दुकान इथे. "नेस—" इथे. आणि खांब तो तिथे. मधला रस्ता काही कमी नव्हता. त्याला वाटलं होतं, डोळ्याची पापणी लवावी तेवढंच काहीतरी मधे हरवलं असेल; पण एवढ्या रस्त्यात माणसाची दोन वाक्यं बोलून झाली असती. एवढा रस्ता गाडी चालली. स्टिअरिंगवर त्याचे हात होते. मग ती चालवली कुणी?  खांबाच्या अलीकडे एका बाईची उसाच्या रसाची गाडी होती, छत्रीच्या सावलीत एक काळं कुत्रं पाय ताणून पडलं होतं. त्याने त्या कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्याने डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. "तुमचीच गाडी होती ना काका, त्या दिवशीची?" बाई म्हणाली. "मी इथंच होती. बाईले लागलं होतं ना? कशा आहेत?" "बरी आहे," अश्विन म्हणाला. बाईने ग्लास विसळला आणि बोलायला तोंड उघडलं. पुढचं तिला विचारायचं होतं की सांगायचं होतं, हे त्याला आजही माहीत नाही. त्याने हात करून ऑटो थांबवला आणि त्यात बसला. केस कापायचे राहूनच गेले. घरी आल्यावर प्रेमिलाने त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहायला यायचा त्या दिवशी वर्कशॉपमधून रोहितचा फोन आला. रोहित म्हणजे त्यांची गाडी ज्याच्याकडे होती तो तिथला मुलगा, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सतत "नो टेन्शन काका". "तुमी दोघं आले तं बरं होईल. मॅडम गाडीत होत्या ना." वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये गाडी उभी होती. बंपर काढून बाजूला ठेवला होता, डावा दिवा नव्हता, रेडिएटर आत ढकलला गेलेला. पुढून उघडी पडलेली आपली गाडी पाहून अश्विनला दवाखान्यात कवळी काढून ठेवलेल्या माणसाकडे पाहिल्यासारखं वाटलं. सर्व्हेअर तरुण होता, ऋषिकेश नावाचा, अंगाने बारीक, बोलायला सौम्य. त्याने लायसन पाहिलं, चासी नंबरचा फोटो काढला, चारी बाजूंनी फोटो काढले, आणि मोबाईलवर लिहिता लिहिता विचारत राहिला.

"स्पीड किती होती काका?"

"जास्त नव्हती. आताच सिग्नल सुटला होता."

"हं. एअरबॅग नाही उघडली म्हणजे कमीच असन. कुत्रं कोणत्या बाजूनं आलं?"

या प्रश्नाची अश्विनने तयारी केली नव्हती. रंगाची होती, पळून जाण्याची होती. "डावीकडून," तो म्हणाला. "फुटपाथवरून उतरलं."

ऋषिकेश लिहायचा थांबला. त्याने गाडीच्या चेपलेल्या डाव्या बाजूकडे पाहिलं. "डावीकडून आलं, अन् तुमी गाडी डावीकडंच घातली? माणूस उलट्या बाजूले वळवते ना काका. मी नुसतं विचारून राहिलो. तिकडं फाईल पाहणारे विचारतात."

शेडमध्ये कुठेतरी पत्र्यावर हातोडी पडत होती.   अश्विनला एकाएकी वाटलं की आता हे संपलं, आणि त्यात एक प्रकारची सुटका होती.

"उजवीकडून आलं," प्रेमिला म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती सरळ उभी होती, पट्टीचा हात पदराखाली. "डिव्हायडरवरून उडी मारली त्यानं. हे घाबरले होते, यायले आठवत नसन."

"तुमी पाहिलं मॅडम?"

"पाहिलं ना. बाजूलेच तं बसली होती मी. भुरं होतं. एका कानावर काळं."

ऋषिकेशने लिहून घेतलं. आणखी काही किरकोळ विचारलं. मग म्हणाला, "ठीक आहे, मी रिपोर्ट टाकतो, होऊन जाईल." रोहित म्हणाला, "नो टेन्शन काका."

परत येताना ऑटोत अश्विन तेवढंच घोळवत होता.  एका कानावर काळं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो प्रेमिलाला ओळखत होता. दहावीच्या चाचणीत तिने स्वतःच्या मुलाला नापास केलं होतं, आणि प्रशिक महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून पटावर हजेरी वाढवायला मुख्याध्यापिकेने सांगितलं, तेव्हा हिने सगळ्या शिक्षकांसमोर नाही म्हटलं होतं. ही बाई खोटं बोलत नाही. तेव्हा कुत्रं खरंच होतं. उजवीकडून आलं, डिव्हायडरवरून उडी मारली, एका कानावर काळं होतं. मग त्याला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटत नव्हतं, कारण "पाहिलं ना" म्हणताना ती पोराला ताप नाही म्हणून सांगणाऱ्या आईच्या आवाजात बोलली होती. घटना सांगताना माणूस थोडा आठवतो, अडखळतो. ती अडखळली नव्हती. ते वाक्य तिने कितीतरी दिवस जवळ बाळगलेलं होतं, वेळ आली तर द्यायला म्हणून. आणि ज्या बाईने आयुष्यभर पटावर एक खोटी खूण केली नाही तिला आपल्यासाठी ही वेळ येईल असं का वाटत होतं?

रात्रीच्या जेवणाला त्याने विचारलं, "तू खरंच पाहिलं काय वं?"

"जेवा ना. थंड होऊन राहिलं."

"मी तुले विचारून राहिलो."

"अन् मी म्हणून राहिली, जेवा," ती म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. त्यानंतर ती गोष्ट त्यांच्या घरात बसायच्या खोलीतल्या सोफ्यासारखी झाली. दोघंही तिला वळसा घालून जाऊ लागले. रेडिएटर यायला वेळ लागला, मग आला. दरवाजा रंगायला गेला. रोहित फोनवर सांगत राहिला. क्लेम पास झाल्याचा मेसेज आला तेव्हा प्रशिकने पुण्याहून अंगठ्याचं चित्र पाठवलं. अश्विन वरवर सगळं करत होता, भाजी आणत होता, विहारात जाऊन बसत होता. पण मिरची-कोथिंबिरीच्या पिशव्या हातात घेऊन उभा असताना मधेच त्याला वाटे, आत्ता या क्षणाच्या आधी आपण इथे होतो का? तो दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाही, तो काही विचित्र पाहतो आहे का म्हणून. पाहणाऱ्यांकडे पाहायची त्याला सवय लागली.

गाडी घ्यायला ते दोघं एका दुपारी गेले. गाडी धुऊनपुसून उभी होती. रोहितने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि दोघांचा गाडीजवळ उभं राहून फोटो काढला. तशी त्यांच्याकडे पद्धत होती. अश्विन आत बसला. नव्या रंगाचा वास येत होता. प्रेमिला बाजूला बसली, तिने पट्टा लावला. मनगटावर आता पट्टी नव्हती. अमरावती रोडवर ट्रक होते, मग मोकळा रस्ता आला, विद्यापीठाच्या बाजूची झाडं आली. गाडी छान चालत होती, तो जपून चालवत होता, आरशात पाहत होता, प्रत्येक गोष्ट मनात म्हणत होता : ट्रक, सायकलवाला, बस थांबली आहे. गिअर बदलायला त्याने डावा हात खाली नेला आणि तो तिच्या हाताला लागला. तिचा उजवा हात हँडब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता. बोटं दांड्याभोवती होती, अंगठा बटणावर. गिअर टाकून त्याने आपला हात परत स्टिअरिंगवर नेला. पुढे एक चौक गेला. हात तिथेच होता. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ती समोर पाहत होती, आणि त्या हाताची तिला जाणीवही नसावी असं वाटत होतं. हात आज पहिल्यांदा तिथे गेला असता, तर तो असा सरावलेला नसता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने हात पाहिला. उचलला नाही. "उन्हाळ्यापासून," ती म्हणाली.

अश्विनने डावा इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं, गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली. किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली. इंजिन थांबल्यावर बाहेरच्या झाडातले पक्षी ऐकू येऊ लागले.

"कुत्रं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

पुढे रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्याच्या डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या आणि या गोष्टीला एक नाव दिलं. हा मिरगीचाच, फिट येण्याचाच एक प्रकार आहे, उतारवयातही सुरू होतो, माणूस पडत नाही, झटके येत नाहीत, तो थोडा वेळ फक्त नसतो, आणि बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. आपण सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असंही बजावलं. विमा कंपनीने फाईल पुन्हा उघडली, दोघांचे जबाब नव्याने घेतले, डॉक्टरांचे कागद मागवले, फार दिवस ठेवून घेतली आणि अखेर खर्चाचा काही भाग परत भरायला लावला. तो त्यांनी भरला. गाडी आता प्रशिक आला की चालवतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी झाडाखाली अश्विनला दोनच गोष्टी कळत होत्या : आपण इंजिनातली माणसं, आपल्याला खोटा सिग्नल पुढे देता येत नाही, आणि तिला आपल्यामुळे द्यावा लागला. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि सर्व्हेअरचा नंबर लावला. प्रेमिलाने त्याचा हात धरला नाही. फोन तिलाही ऐकू यावा म्हणून त्याने स्पीकर चालू केला.

"बोला काका," ऋषिकेश म्हणाला. "गाडी भेटली ना?"

"भेटली. ते कुत्रं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"कुत्रं. मी सांगितलं ते खोटं होतं. मॅडमनं सांगितलं ते मले वाचवाले सांगितलं. तुमी तसं लिहा."

 तिकडे मागे कुठलंतरी गॅरेज वाजत होतं. "काका, क्लेम तं पास झाला आहे," ऋषिकेश हळू आवाजात म्हणाला. "आता मले हे वर कळवावं लागेल. तुमाले समजून राहिलं ना?"

"समजून राहिलं."

"मग कुत्रं नव्हतं तं काय झालं होतं?"

अश्विन सांगायला गेला. चौक, मिठाईचं दुकान, "नेस—". तिथे तो थांबला. "मले माहीत नाही," तो म्हणाला. इतक्या दिवसांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. ते बोलायला फारसं कठीण नव्हतं.

प्रेमिलाने फोन त्याच्या हातातून घेतला. "मी सांगते," ती म्हणाली. "लिहून घ्या." आणि वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तशी, एकेक पायरी, ती सांगू लागली. उन्हाळ्यात पहिल्यांदा जेवताना झालं होतं. घास हातात, डोळे उघडे, हाक मारली तर ऐकू जात नव्हतं. मग आपोआप घास तोंडात गेला आणि ते पुढचं वाक्य बोलू लागले. तिला वाटलं विचारात असतील. मग पुन्हा झालं, पेपर वाचताना, चहाच्या वेळी. सांगायचं कसं, हेच तिला समजेना. गाडी चालवू नका म्हटलं तर ते काय करतील, या भीतीने ती बोलली नाही, आणि एकट्याने जाऊ द्यायचं नाही म्हणून प्रत्येक वेळी सोबत जाऊ लागली. त्या दिवशी ती साडीबद्दल बोलत होती. उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं, तर ते नव्हते. बसले होते, हात स्टिअरिंगवर होते, पण ते नव्हते. गाडी आपली चालली होती.

अश्विन ऐकत होता. ती ज्या माणसाबद्दल सांगत होती त्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं. मान जराशी पुढे, ओठ हलत असलेले, समोरच्या काचेतून पाहणारा तो माणूस त्याच्याच शर्टात बसला होता, आणि त्याची त्याला कीव आली.

"समोर ई-रिक्षा होती," प्रेमिला म्हणाली. "हळू चालली होती. गाडी तिच्या मागंच चालली. मी हँडब्रेक ओढला, पण तेवढ्यानं थांबेना. मग मी स्टिअरिंग धरून माह्याकडं ओढलं. खांब दिसला होता मले. ते कुत्रं-बित्रं काही नाही. गाडी मी घातली खांबावर."

ऋषिकेश म्हणाला, "आज गाडी चालवू नका काका. मी रोहितला सांगतो, तो ड्रायव्हर पाठवन." आणि मग, "मॅडम, हात कसा आहे आता?"

फोन बंद झाल्यावर ते दोघं ड्रायव्हरची वाट पाहत बसले. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. इतके दिवस त्याने डिव्हायडर पाहिला होता, फुटपाथ पाहिला होता, रस्ता मोजल्यासारखा चालून पाहिला होता, आणि त्या रस्त्यावर माणसं होती हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"रिक्षात कोण होतं?" त्याने विचारलं.

"पोरी होत्या दोन. मागच्या बाजूले, आपल्याकडं तोंड करून. शाळेतून येत असतील." ती समोर पाहत होती. "त्यायले काही समजलंही नाही. रिक्षा गेली पुढं."

"घाबरल्या असतील."

"नाही. आपली गाडी जवळ येऊन राहिली तं त्यायले मजा वाटली. त्यातली लहान होती ना, तिनं मले टाटा केला." प्रेमिलाने स्वतःचा डावा हात मांडीवर उलटा करून ठेवला. "मले काही तिले टाटा करता नाही आला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."